विषाद आणि उपदेश

२०२४ च्या कार्तिकीची गोष्ट. द्वादशीचे पारणे सोडून पंढरीहून परतताना आमच्या दिंडीतले एक निवृत्त गुरुजी एस. टी. त आमच्या शेजारी बसले होते. चाळीस वर्षांत एक वारी न चुकविलेला हा माणूस. टेंभुर्णी मागे पडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "महाराज, आमच्या भक्तीत काही उणे राहिले का हो?"

विषय त्यांच्या मुलाचा होता. चाकणकडच्या एका कारखान्यात तो बारा वर्षे मशीनवर होता. एके दिवशी फाटकातच त्याला सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नको. घराचे कर्ज डोक्यावर, दोन मुले शाळेत. तेव्हापासून तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतो. गुरुजी सांगू लागले, "मी रोज सकाळी त्याच्याजवळ बसून हरिपाठ म्हणतो. समजावतो, की बाबा, देव करतो ते बऱ्यासाठीच. ते ऐकले की तो उठून बाहेर निघून जातो. परवा तर म्हणाला, 'दादा, तुमच्या देवाला म्हणावं, एक हप्ता भर.' महाराज, माझ्या घरात असे शब्द!"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिभेवर तयार होते. चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्याजवळ कोणत्या प्रश्नाचे उत्तर तयार नसते? प्रारब्ध आहे, संसाराचे अनित्यत्व आहे, भक्ताची परीक्षा आहे. पाहिजे ते काढावे आणि द्यावे. परंतु ते उत्तर ओठांपाशीच अडले. त्याला कारण एक जुनी गोष्ट आहे, आणि ती आमच्याच चुकीची असल्यामुळे आजवर कोणत्याही फडावर आम्ही ती सांगितलेली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर हजारो माणसांची नोकरीही विरून गेली. ही माणसे बहुतेक आपलीच होती. कोकणातली, साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची. लालबाग-परळच्या चाळींतून भजनी मंडळे चालविणारी, गिरणीच्या भोंग्यावर उठणारी आणि पाळी संपली की टाळ घेणारी. संप लांबला तसे खोलीचे भाडे परवडेना, म्हणून पुष्कळजण बिऱ्हाड गुंडाळून गावी परतले.

अशांपैकीच एकजण सातारा जिल्ह्यातल्या एका गावी परतला होता. मागावर काम करणारा, पण हात मृदंगाचा. १९८३ साली त्या गावच्या सप्ताहात आमचे कीर्तन होते. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आतले. पाठशाळेतून लघुकौमुदी, तर्कसंग्रह, पंचदशी वाचून नुकतेच बाहेर पडलेलो. विद्या अंगात मावत नव्हती. कीर्तनाच्या ओघात वैराग्याचा विषय निघाला. मृदंग त्याच्याच गळ्यात होता. आम्ही त्याच्याकडे हात करून भर मांडवात म्हणालो, "पाहा, पाहा! मुंबईचा पाश या माऊलीला तुटता तुटत नव्हता. देवाने एका घावात तोडला. केवढे भाग्य!" मंडळींनी टाळ्या वाजविल्या. त्यानेही खाली मान घालून ठेका धरला.

पाचसहा वर्षांनी त्याच गावी पुन्हा जाण्याचा योग आला. मृदंगाला दुसराच मुलगा उभा राहिला. चौकशी केली तर कोणी धड सांगेना. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांची पत्नी दर्शनाला आली आणि खाली बघतच बोलली, "महाराज, रागावू नका. पण त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी मृदंग माळ्यावर टाकला, तो अजून तिथंच आहे. गावी आल्यापासून चार महिने त्यांच्याशी कोणी चार शब्द बोललं नव्हतं. आणि बोललं ते असं, सगळ्या गावासमोर." एवढे बोलून ती पाया पडली. त्या बाईने आमच्या पायाला हात लावला तेव्हा पाय मागे घ्यावासा वाटला, इतकेच सांगतो.

आता प्रश्न असा की आम्ही बोललो ते खोटे होते का? सिद्धांत म्हणून खोटे नव्हते. संसार अनित्य आहे, पाश तुटण्यातच कल्याण आहे, हे शास्त्र आणि संत एकमुखाने सांगतात. मग चुकले कुठे? आमच्या मते दोन ठिकाणी. पहिले असे की, वेदान्तात ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगतात, आणि त्यात पहिला येतो तो अधिकारी. औषध खरे असले तरी ते कोणाला, केव्हा, किती द्यावयाचे हे आधी पाहावे लागते. आम्ही औषध ओळखले, रोगी ओळखला नाही. दुसरे असे की, टाकणे निराळे आणि हिरावले जाणे निराळे. ज्याने ताटावरून स्वतः उठावे तो विरक्त. ज्याच्यापुढचे ताट ओढून घेतले तो उपाशी. उपाशी माणसाला 'तू एकादशी केलीस, धन्य आहेस' म्हणणे ही थट्टा होते, आणि आम्ही ती देवाच्या दारात केली.

येथे कोणी तुकोबारायांचे उदाहरण पुढे करील. करतातच. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नाविना गेली, मूल गेले, चारचौघांत पत गेली. आणि त्यातूनच जगद्गुरू उभे राहिले. हे सगळे खरे. आपले दिवाळे निघाले ही भलीच गोष्ट झाली, असे महाराज देवाजवळ बोललेही आहेत. परंतु ते कोण बोलले? ज्याचे बुडाले तो बोलला. आणि केव्हा बोलला? डोंगरावर दिवसेंदिवस एकांत काढल्यावर. शेजारचा वाणी दुकानाच्या फळीवर बसून 'तुकोबा, बरं झालं हो तुमचं बुडालं' असे म्हणाला असता, तर तो अभंग झाला नसता, नुसता टोमणा झाला असता. शब्द तेच, पण बोलण्याचा हक्क एकालाच.

शिवाय आम्ही कीर्तनकार या कथेतला एक भाग फार घाईने ओलांडतो. व्यापार बसल्यावर सोयऱ्याधायऱ्यांनी हात दिला, जिजाईंनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून भांडवल उभे केले, असे महिपतीबुवा वर्णितात. आणि महाराज डोंगरावर जाऊन बसत तेव्हा भाकरी बांधून तो चढ कोण चढत असे? जिजाईच ना! पायात काटा मोडला तरी गेल्या. या माउलीला आम्ही मंडळींनी मांडव हसवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कजाग करून ठेवले आहे. बोलत असतील त्या कडक. घरात दाणा नसता कोण गोड बोलते? पण त्यांनी वैराग्यावर व्याख्यान दिले नाही, आणि भाकरी चुकविली नाही. नोकरी गेलेल्या माणसाला आधार द्यावयाचा म्हणजे काय, असे आज आम्हाला कोणी विचारले, तर आधी त्या डोंगराच्या वाटेकडे बोट दाखवू.

असो. नोकरी जाते तेव्हा जाते तरी काय? पगार जातो हे उघडच आहे, आणि त्याचे दुःख लहान नाही. ज्यांची पेन्शन चालू आहे त्यांनी ते लहान म्हणू नये. पण पगाराबरोबर आणखीही काही जाते. आपल्या संतांची नावे पाहा. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. नावाला धंदा असा चिकटला आहे की तो सोडविला तर नाव अर्धे होईल. माणूस हाताने जे करतो त्यातून 'मी कोण' याचे उत्तर त्याला रोज मिळत असते. ते काम एका दिवसात नाहीसे झाले की सकाळी उठून उत्तर सापडत नाही.

एका प्राध्यापक यजमानांनी आम्हाला एका परदेशी पुस्तकातला भाग मराठी करून वाचून दाखविला होता. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक खेडे. सगळे गाव एका कापड गिरणीवर जगणारे. १९३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि गावच्या गाव बेकार झाले. मारी याहोडा आदी तरुण अभ्यासकांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते टिपून ठेवले. १९३३ मध्ये ते ग्रंथरूपाने आले. त्यांना असे आढळले की वेळ उदंड झाला असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, मधेच उभे राहू लागले. दिवसभर काय केले म्हटले तर त्यांना सांगता येईना. बायका मात्र तितक्या रेंगाळत नसत, कारण घरची चूल बंद पडलेली नव्हती. हे ऐकताना आम्हाला गिरणगावातून परतलेली ती माणसे दिसू लागली. पारावर बसलेली, भोंगा नसताना भोंग्याच्या वेळी उठणारी. देश निराळा, धर्म निराळा, पण रिकामा झालेला दिवस सारखाच.

मग अशा माणसाशी बोलावे कसे? या प्रश्नाला आमच्यापुढे एकच मोठा दाखला आहे, आणि तो आपण रोज पारायणात ओलांडून जातो. गीतेचा पहिला अध्याय! त्याचे नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन म्हणजे आपल्या कामात त्या काळी ज्याच्या तोडीचा दुसरा नव्हता असा माणूस. आणि त्याच माणसाच्या हातून त्याचे हत्यार गळून पडते, अंगाला कंप सुटतो, तोंड कोरडे पडते, उभे राहवत नाही. त्या अध्यायाचे श्लोक ४७. त्यांत भगवंत किती बोलतात? अवघा अर्धा श्लोक. 'हे जमलेले कुरु पाहा' एवढेच. बाकी सगळा वेळ ज्याच्याजवळ सर्व उत्तरे आहेत तो सारथी गप्प बसून ऐकतो आहे. आणि व्यासांनी त्या रडगाण्याला, आमच्या भाषेत रडगाणेच ते, 'योग' हा शब्द लावला. विषाद हीसुद्धा देवाशी जोडण्याची एक जागा आहे, असे ज्यांना वाटले त्यांचे मन केवढे असेल!

याहून मौजेची गोष्ट दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी आहे. तेथे भगवंत प्रथम दोन श्लोकांत अर्जुनाला झणझणीत बोलतात. हे तुला शोभत नाही, ऊठ. आपण घरोघर म्हणतो तसेच हो! 'काय बायकांसारखा रडतोस, ऊठ, लाग कामाला.' पण त्याचा उपयोग झाला का? नाही झाला. अर्जुनाने पुन्हा आपले दुःख मांडले, मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. फटकारून विषाद जात नाही, हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून निघालेल्या फटकाऱ्यानेही सिद्ध झाले! मधल्या श्लोकांत मात्र अर्जुन आपण होऊन म्हणाला, की मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. तेव्हा कुठे अकराव्या श्लोकापासून उपदेश सुरू झाला. आचार्यांचे भाष्यही श्लोकार्थाला तेथूनच हात घालते. आणि अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, भगवंत काय म्हणतात? याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. शेवटी पुन्हा विचारतात, ऐकलेस ना? मोह गेला का? सांगणारा देव, तरी निर्णय ऐकणाराचा.

अलीकडे 'समुपदेशन' असा शब्द निघाला आहे. काही जुन्या मंडळींना तो शब्द कानाला टोचतो. आम्हाला मात्र व्याकरणदृष्ट्या तो आवडतो. 'दिश्' धातू म्हणजे दाखविणे. त्याच्या मागे 'उप' म्हणजे जवळ. आणि 'सम्' म्हणजे सोबत, नीट, पुरतेपणी. जवळ जाऊन, सोबत बसून दाखविणे. आम्ही १९८३ साली केला तो उपदेश नव्हता, कारण त्यात 'उप' नव्हता. व्यासपीठावरून बोट दाखविणे एवढेच होते. समुपदेशक जे करतो ते आम्ही विचारून घेतले. तो आधी माणसाला बोलू देतो, मध्ये तोडत नाही, 'तुझ्याऐवजी मी असतो तर' असे म्हणत नाही, आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ देतो. आता यात परधर्म कोणता आला? हे तर कुरुक्षेत्रावरचेच झाले.

तरी एक शंका उरते, आणि ती प्रामाणिक आहे. पांडुरंग पाठीशी असता परक्यापुढे जाऊन मन मोकळे करणे हा विश्वासाचा उणेपणा नव्हे काय? आम्ही उलट विचारतो, की ज्ञानोबारायांपेक्षा कोणाचा विश्वास अधिक होता? त्यांनीही एकदा लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन झोपडीची ताटी लावून घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा दाराशी कोण उभे राहिले? धाकटी बहीण. मुक्ताईंनी दार मोडले नाही. बाहेर उभे राहून, लाडाने, धिटाईने, पुन्हा पुन्हा विनवले. ते ताटीचे अभंग आपण गातो, पण त्याचा साधा अर्थ असा की ज्ञानेश्वरांनासुद्धा दार उघडायला बाहेरून कोणी हाक मारावी लागली. मग तुमच्या-आमच्या मुलाला हाक लागली तर त्यात लाज कसली?

आणि काही वेळा ती हाक घरच्या माणसाची चालत नाही. बाप समोर आला की मुलाला बापाचा खर्च, बापाची इज्जतच दिसते. तिथे तिऱ्हाईतच बरा. रात्र रात्र झोप नाही, जेवण तुटले, 'माझ्यामुळे सगळ्यांना भार' किंवा 'मी नसतो तर बरे' असे शब्द येऊ लागले, तर टाळ-मृदंगावर भिस्त ठेवून दिवस घालवू नयेत. हाड मोडले तर आपण अंगारा लावून थांबत नाही. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' नावाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक भजनी मंडळाच्या फळ्यावर एकादशीच्या तिथीखाली लिहून ठेवायला हरकत नसावी. देवळात असले काही लिहू नये म्हणणारे निघतील. त्यांना निघू द्यावे.

संप्रदायाजवळही देण्यासारखे थोडे आहे, पण ते उपदेशाच्या रूपाने नाही. रिकाम्या दिवसाला काकडा आणि हरिपाठ हे दोन खुंट मिळतात. माणसाला अमुक वेळी अमुक ठिकाणी जायचे असते, आणि तो आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येते. दिंडीत कोणी कोणाला 'काय करता आपण?' असे विचारत नाही. कारखानदार असो की कामावरून काढलेला, दोघेही माऊली, दोघेही एकमेकांच्या पाया पडणार. नाव अर्धे झालेल्या माणसाला एवढे नाव पुष्कळ दिवस पुरते. मात्र त्याला ओढून नेऊ नये. आणि त्याच्या घरचा हप्ता थकला असेल तर चार टाळकऱ्यांनी बँकेत त्याच्याबरोबर जाऊन मुदत मागावी. नारळ-फेट्याला दरवर्षी लागतात ते पैसे एक वर्ष तिकडे गेले तर पांडुरंग रुसणार नाही.

हे सगळे आम्ही एस. टी. त गुरुजींना बोललो नाही. एवढेच म्हणालो, "तुमच्या भक्तीत उणे नाही. मी एकदा घरी येतो."

मार्गशीर्षात गेलो. मुलगा आतल्या खोलीतच होता. मनाशी ठरवून गेलो होतो की त्याने विचारल्याशिवाय देवाचे नाव काढायचे नाही. साठी उलटलेल्या कीर्तनकाराला हे किती अवघड, ते ज्याचे त्याला ठाऊक! पहिला अर्धा तास दोघेही गप्प. मग आम्ही विचारले, "तुझं मशीन कसलं होतं रे? मला काही कळत नाही त्यातलं." तो थोडा वळला. लोखंड कसे कापले जाते, हत्यार बोथट होऊ लागले की आवाज कसा बदलतो, तो आवाज नवीन पोरांना ऐकू येत नाही पण आपल्याला कसा लगेच येतो, हे तो सांगू लागला. सांगता सांगता म्हणाला, "महाराज, काढलं त्यानंतर अकरा दिवस मी घरी बोललोच नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि आळंदीला घाटावर बसायचो. पाळी सुटायच्या वेळेला परत यायचो. डबा न खाता इंद्रायणीत टाकायचो, नाहीतर हिला संशय आला असता."

गुरुजी दाराआड उभे होते. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकले. आम्हाला धास्ती वाटली की ते आत येऊन काही बोलतील. पण ते आले नाहीत, स्वयंपाकघराकडे गेले आणि सुनेला म्हणाले, "त्याला गरम काहीतरी वाढ गं."

त्यानंतर तो जिल्हा रुग्णालयात दोनचार वेळा समुपदेशकाकडे जाऊन आला. झोप लागू लागली. आता एका लहानशा वर्कशॉपमध्ये जातो. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. हरिपाठाला तो अजून बसत नाही आणि गुरुजींनीही म्हणणे सोडले आहे. मात्र संध्याकाळी टाळ वाजू लागला की आतल्या खोलीचे दार तो हल्ली लावून घेत नाही, असे गुरुजी परवा फोनवर सांगत होते.